निळ्या फुलांचा वाडगा

टॅक्सी यायला वीस मिनिटं उरली होती आणि हालिनाआजींचा निळ्या फुलांचा वाडगा अजून माझ्याकडेच होता.

एका सेमिस्टरसाठी पोलंडला आले, त्याच आठवड्यात शेजारच्या या आजींनी त्यातून बीटाचं सूप दिलं होतं. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, असं आमच्या घरचं वळण. मी शिरा घालून दिला. मग सफरचंदाचा केक आला, पोहे गेले. पाच महिने तो वाडगा दोन दारांमध्ये ये-जा करत राहिला.

“नवरा गेल्यावर स्वयंपाकच सोडला होता मी,” काल त्या म्हणाल्या. “तू गेलीस की पुन्हा ब्रेड आणि चीज.”

उरलेल्या रव्याचा शिरा केला आणि वाडगा घेऊन वरच्या मजल्यावर गेले. तिथे कुणाशी न बोलणारे एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. त्यांच्या दाराशी वाडगा ठेवला, सोबत चिठ्ठी: ‘वाडगा खालच्या हालिनाबाईंचा आहे. आमच्याकडे रिकामा परत देत नाहीत.’ बेल वाजवून पळाले.

निघताना आजींनी मला घट्ट धरलं. “आणि माझा वाडगा?”

“येईल.”

बर्फ इतका हळू पडत होता, की टॅक्सीतून पाहताना ते घरच वर तरंगत चालल्यासारखं दिसलं.

आठ दिवसांनी सांगलीत माझ्या फोनवर फोटो आला: निळी फुलं, वाफ आणि ओबडधोबड सोललेले तीन बटाटे. खाली आजींनी लिहिलं होतं, “म्हाताऱ्याला काही म्हणता काही येत नाही. शिकवतेय.”