भिंतीमागचं हसू

या, असे पुढे सरका. गोष्ट एवढीशी आहे. मागं बसलात तर अर्धी हुकेल.

विनोदी मारामारीच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. स्वयंपाकीण स्टुलाला लाथ मारते, छतापर्यंत उडते, मध्येच हवेत थांबून पळीतलं सूप चाखते, "मीठ कमी!" म्हणते आणि मग पाच गुंडांना लोळवते. माणूस असा हवेत थांबत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर सगळं थेटर हसतं.

उडणारी पोरगी दोरवाल्याची लेक. तिच्या कमरेचा दोर वरच्या कप्पीवरून पलीकडे, कापडी भिंतीमागं बापाच्या मुठीत. तो उंच माचावरून खाली झेपावला की ती वर. तो मधल्या फळीवर पाय रोवून थांबला की ती अधांतरी. देवानं घालून दिलेला नियम कुणाच्यानं मोडवतो? कुणीतरी खाली उतरतं, तेव्हाच दुसरं वर जातं.

तीन महिन्यांपूर्वी घात झाला. त्या भिंतीत एक खोटी खिडकी होती. तिच्यातून बापाला सूप चाखणाऱ्या लेकीचं वाकडं तोंड दिसलं आणि हसू फुटलं. शॉटमध्ये आवाज जायला नको म्हणून त्यानं पटकन एक हात तोंडावर नेला. दुसऱ्या मुठीतून दोर सरकला. पोरगी टेबलावर आदळली, मनगट मोडलं.

तेव्हापासून बाप हसला नव्हता. आज ती पहिल्यांदा पुन्हा उडणार, तर त्यानं खिडकीवर पोतं ठोकलं होतं. मारामारी बसवणाऱ्या मास्तरांनाही सांगून आला होता, "एवढा शॉट होऊ द्या. उद्यापासून दोर मशीनला द्या. माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही."

लेकीनं पोतं पाहिलं. सरळ ओढून काढलं.

"अगं चिमणे, नको! पुन्हा हसू आलं तर?"

"येऊ दे ना. साऱ्या दुनियेला हसवायला उडायचं, आणि माझ्याच बापानं पोत्याकडं बघत बसायचं?"

"आवाज जाईल गं शॉटमध्ये."

"जाऊ दे. आवाज नंतर पुसता येतो, बाबा. मनगट नाही पुसता येत. तोंड मोकळं सोडा, दोर तेवढा धरा."

मास्तरांनी हाक दिली. बाप झेपावला, लेक उडाली. अर्ध्यावर दोघं थांबली, खिडकीच्या अल्याड-पल्याड, समोरासमोर. तिनं पळी तोंडाला लावली आणि पहिल्याहून वाकडं तोंड केलं, ते थेट त्याच्याकडं बघून.

बाप हसला. पोट धरून हसावं असं हसू, पण पोट धरायला हात मोकळे कुठं होते? दोन्ही मुठी दोरावर घट्ट. हसण्यानं तो हलला, दोर हलला, आणि पलीकडे पोरगी हवेतल्या हवेत डुलू लागली.

"कोण हसतंय रे?" मास्तर ओरडले. मग कॅमेऱ्याजवळच्या छोट्या पडद्यावरची डुलणारी पोरगी पाहून स्वतःच खुर्चीत कलंडले. डोळे पुसत म्हणाले, "त्या मशीनवाल्याला कळवा, येऊ नको म्हणावं."

तेव्हा मंडळी, कधी थेटरात एखादी पोरगी हवेत थांबून अशी डुलताना दिसली, तर पोटभर हसा. आणि भिंतीमागं दोन्ही मुठी आवळून हसणाऱ्या त्या माणसाची तेवढी आठवण ठेवा.