राखून ठेवलेला डाव

हैबतीनं ढाक मारायला हात उचलला आणि कोपर जागीच आखडलं. दंडातल्या चिपनं ओळखलं, हा डाव कंपनीच्या मालकीचा. कंपनीच्या परदेशी मल्लानं मात्र तोच डाव मारून हैबतीचा खांदा काडीसारखा मोडला.

रानोबा वस्तादांच्या अंगाचा तिळपापड झाला. तालीम जगवायला त्यांनीच आपले सगळे डाव विकले होते, पठ्ठ्यांसोबत स्वतःच्या दंडातही कंपनीची चिप बसवून घेतली होती. वस्ताद राखून ठेवतो, तो एक डाव तेवढा उरला होता. म्हातारा आखाड्यात उतरला, त्याच डावानं मल्लाला मातीत आपटून त्याचा गळा आवळला.

"वस्ताद, सोडा! कॅमेरे बघताहेत!" हैबती ओरडला.

कर्ण्यातून गोड आवाज आला, "नवीन डाव कंपनीच्या नावावर नोंदवला. आभारी आहोत."

वस्तादांना आता सोडायचं होतं, पण बोटं लाकडासारखी आखडली होती. खाली मल्ल पाय झाडत होता. मग तेही थांबलं.