गाण्यामागचा खोकला

टिन ऑर्चर्ड हा आमच्या डेटन शहरातलाच बँड. वर्षाला दोन-दोन रेकॉर्ड काढतो. माझा नवरा लॉवेल म्हणायचा, "सुरुवातीला तळघरात बसून केल्या त्याच खऱ्या, बाकी नुसता पसारा." त्याचा मित्र गस दर रविवारी यावरून भांडायला यायचा. गाण्यांमागे मध्येच कुणीतरी खोकतं. तो कोण, यावरून तर चाहत्यांची डोकी फुटायची बाकी. कुणी म्हणे ड्रमरचा मेलेला भाऊ, कुणी म्हणे कावलेला घरमालक.

लॉवेल हिवाळ्यात गेला. त्यानंतर या घरात माणसाचा आवाज म्हणजे रविवारचा गस, एवढंच. मे महिन्यात तो नवी रेकॉर्ड घेऊन आला.

"लॉवेल असता तर शिव्या घातल्या असत्या," तो म्हणाला.

"लाव तरी."

तिसऱ्या गाण्यात खोकला आला. आधी कोरडा, मग खोल, आणि शेवटी घसा खाकरणं. उभ्या संसारात मी शेजारच्या उशीवर हाच खोकला ऐकला होता.

गसचा चेहरा उतरला. "नेडीन, याच रेकॉर्डची दुसरी प्रत माझ्या घरी आहे. तिच्यात हा खोकला नाहीये. बंद करू?"

"राहू दे ना."

खोकला पुन्हा आला. गसने न विचारताच सुई उचलली. गिटार थांबली.

खोकला थांबला नाही. आता तो आतल्या खोलीतून येत होता.

"चल इथून," गस दाराकडे सरकत कुजबुजला.

मी पेलाभर पाणी आणायला उठले.