वळणाचा पाइप

शनिवारी सकाळी अप्पा भंगारवाल्याच्या आवारात पंपाचे पाणी ओढायचे जुने सक्शन पाइप निवडत होते. रविवारच्या रिमोट गाड्यांच्या शर्यतीसाठी त्यांना ट्रॅकच्या कडा स्वस्तात आखायच्या होत्या. पाइप उभा चिरला की एकाचे दोन होतात, हे मित्रांना त्यांनीच शिकवलं होतं. पिशवीतून लाल गाडी काढून त्यांनी ती भरधाव पाइपवर आदळवली. गाडी उलटली.

"कडक झालाय. दुसरा काढ."

"अप्पा, पाइप घेताय की सोयरीक जमवताय?" भंगारवाला हसला.

अप्पांनी रिमोट सोबत आलेल्या लेकीपुढे धरला. "घे, एकदा तू आदळून बघ."

आवारातली गिऱ्हाइकं बघत होती. "मला नको. आटपा, ऊन वाढतंय," ती म्हणाली.

त्या दुपारी जेवून आडवे झालेले अप्पा उठलेच नाहीत. शर्यत राहिली.

महिन्याभराने त्यांच्या मित्रांनी ती पुन्हा ठरवली, तेव्हा शेवटच्या वळणाला पाइप कमी पडला. "मी आणते," म्हणून लेक लाल गाडी घेऊन त्याच आवारात गेली.

"ताई, हा न्या. एकदम मऊ आहे," भंगारवाला म्हणाला.

"थांबा, बघू दे." तिने रिमोट दाबला. गाडी पाइपवर धडकली, मागे उसळली आणि चाकांवरच उभी राहिली. तिला हसू फुटलं. तिने पुन्हा आदळवली. आजही गिऱ्हाइकं बघत होती.

"अप्पा," ती सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली, "मला तेव्हाही आदळायची होती हो."