राणीचे दंड

राणीचा कुस्तीचा व्हिडिओ कुणीतरी इन्स्टावर टाकला, तेव्हापासून तिला आपलेच दंड खुपू लागले. व्हिडिओखाली कुणी लिहिलं होतं, ‘ही पोरगी हाय का गडी?’ मग ती नाजूक दंडांच्या फिटनेसवाल्या मुलींच्या रील्स बघत बसायची. दूध सुटलं, भाकरी निम्म्यावर आली. सांगलीच्या मैदानात मात्र तिने समोरचीला खाली घेतलंच. पाठ टेकायला बोटभर अंतर उरलं होतं. तेवढ्यात कडेने रोखलेले मोबाइल तिला दिसले, आपला फुगलेला दंड दिसला, आणि हात आपोआप अंगाशी ओढला गेला. समोरची उसळली. शिट्टी वाजली तेव्हा राणीच उताणी होती. मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून आलेले तिचे वडील धावले. “जिंकल्याली कुस्ती हुती पोरी! पकड कशी सुटली गं?” भर उन्हात जॅकेट चढवून त्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढत राणी म्हणाली, “सुटली न्हाई, आबा. मीच सोडली.”