गुरुबसप्पा, सोलापूर

देशातली वीज जमिनीत किती खोल उतरवायची, हे सात रस्त्याजवळच्या दोन खोल्यांत बसून एक माणूस ठरवतो. निदान बिरुदेवची तशी खात्री होती. म्हणून तर तो सांगोल्याहून पिशवीभर डाळिंबं घेऊन एसटीनं आला होता, वीज खात्यात पत्ता विचारून. त्या माणसानं, म्हणजे गुरुबसप्पांनी, दार उघडलं तेव्हा ते कालची भाकरी ताकात कुस्करून खात होते.

बिरुदेव इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. कोरड्या जमिनीतलं अर्थिंग हा त्याच्या संशोधनाचा विषय. त्यानं अर्थिंगच्या सरकारी मानकाची, म्हणजे नियमपुस्तकाची, प्रिंट काढून पुढं ठेवली. प्रत्येक पानावर तिरक्या, जाड अक्षरांत छापलं होतं : गुरुबसप्पा, सोलापूर.

"सगळ्या पुस्तकावर तुमचंच नाव हाय की, सर."

नाव होतं खरं. सरकारी वेबसाइटवरून मानक फुकट डाउनलोड केलं, की करणाऱ्याचं नाव पानापानावर आपोआप उमटतं. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून गुरुबसप्पा रोज सकाळी एक मानक उतरवून घेत आणि निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत. पंखे, फ्यूज, खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर, काही वर्ज्य नव्हतं. ग्रुपवर कोणी कधी पसंतीचा अंगठाही टाकला नव्हता. त्यातलं एक कोणीतरी पुढं पाठवलं, हे त्यांना आज कळत होतं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतर पाहुणा उठला असता. गुरुबसप्पांनी कॉफी ठेवली. दुसरा कप कपाटातून काढून धुवावा लागला.

बिरुदेवची तक्रार एकाच कलमाबद्दल होती. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जावं, असं त्यात म्हटलं होतं.

"आमच्याकडं माणसालाच टँकरचं पाणी, सर. खड्ड्याला कुटलं घालू? तेवढं बदला की."

गुरुबसप्पांनी चष्मा लावून कलम वाचलं. विचार करावा लागेल, म्हणाले. मग डाळिंब सोलायला घेतलं. गावाकडं मेंढरं किती राहिली, आईचे गुडघे कसे आहेत, एसटी वेळेवर होती का, सगळं विचारून झालं. तिसऱ्यांदा कॉफीचं विचारलं तेव्हा बिरुदेवनं खोलीभर नजर फिरवली.

"घरात दुसरं कुणी न्हाय का?"

"मानकं आहेत की," गुरुबसप्पा म्हणाले.

बिरुदेवनं वही उघडली. कलम कधी बदलणार ते सांगा, म्हणाला, प्रबंधात तुमच्या नावानिशी घालतो.

गुरुबसप्पांनी सोललेलं डाळिंब ताटलीत ठेवलं.

"लिहू नको बाबा. ते मी नाही लिहिलेलं. फुकट मिळतं म्हणून उतरवून घेतलं. नाव आपोआप येतं."

बिरुदेवनं पेनाला टोपण लावलं. प्रिंटची पानं उलटून एका पानावर बोट ठेवलं. गुरुबसप्पा उंबऱ्याबाहेरच्या त्याच्या चपलांकडं बघत होते.

"मग एवढं करा, सर," बिरुदेव म्हणाला. "पुन्हा उतरवताना तुमचं नाव जरा बाजूला सरकतंय का बघा. खड्डा किती खोल खणायचा, तो आकडा त्याच्याखाली झाकलाय."