आठवा नमुना

पाचवा नमुनाही चोख निघाला, तेव्हा तपासनिसाने मशीन बंद करायला लावलं आणि तो रस्त्यावरच उकिडवा बसला.

रस्त्यातून कापून काढलेला डांबराचा तो दंडगोल त्याने पुन्हा पोलादी पट्टीला लावला. नऊ सेंटिमीटर. हवे होते तेवढेच. खडी घट्ट बसलेली, कुठे पोकळी नाही. नखाने खरवडलं तरी कण सुटेना.

"परत मोजू का, साहेब?" मशीनवाल्याने विचारलं.

"मला येतं मोजता."

ऑफिसात त्याला मागून 'कानस' म्हणत. घासल्याशिवाय तो कुठलाच रस्ता सोडत नसे. अठरा वर्षांच्या नोकरीत त्याने असा रस्ता पाहिला नव्हता, आणि म्हणूनच तो त्याला खटकत होता. कुठेतरी पाणी मुरत असणारच.

ठेकेदार बाई चार पावलांवर उभी होती. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, पायात मळके बूट. तपासणीच्या दिवशी बाकीचे ठेकेदार सावलीसारखे मागे फिरतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात, मोठमोठ्या ओळखी सांगतात. हिने सकाळपासून साधं पाणीसुद्धा पुढे केलं नव्हतं. एवढी निर्धास्त कशी?

"बाई, मी कुठे खोदणार ते तुम्हाला आधीच कळतं का हो?"

"कसं कळणार? तुम्ही तर येणाऱ्या ट्रकच्या नंबरावरून पावलं मोजताय."

ते खरं होतं. तिसऱ्या नमुन्यापासून त्याने ही युक्ती काढली होती. समोरून जो ट्रक येईल त्याच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे, तितकी पावलं पुढे, आणि तिथे भोक.

"आणि मघाशी तो मुकादम कानात काय सांगून गेला?"

"जेवायची सुट्टी कधी, विचारत होता. माणसं सकाळपासून उपाशी आहेत."

आठ नमुन्यांतला एक जरी कमी भरला तरी रस्ता नापास, हे बाईला माहीत होतं. नापास म्हणजे काळी यादी, आणि काळी यादी म्हणजे पाच वर्षं सरकारी काम नाही.

"माझ्या नावावरचा हा पहिलाच रस्ता," ती आपणहून म्हणाली. "बारा वर्षं सासऱ्यांच्या हाताखाली खडी चाळली. गेल्या आठवड्यात जावेला ह्याच रस्त्याने दवाखान्यात नेलं, दिवस भरलेले. रिक्षात पोटातलं पाणी हललं नाही तिच्या."

"सगळे असंच सांगतात."

"सांगत असतील. तुम्ही खोदा."

तेवढ्यात फोन वाजला. मोठे साहेब होते.

"काय, सापडलं काही?"

"अजून नाही, सर. पाच झाले."

"डोळ्यांत तेल घालून बघा. सोमवारी पुढच्या टप्प्याच्या निविदा उघडायच्या आहेत, त्यात ही बाईसुद्धा आहे. नंतर डोक्याला ताप नको."

"हो, सर."

फोन खिशात टाकून तो वळणाकडे निघाला. तिथे रस्ता हातभर जास्तच काळा दिसत होता. ताजं ठिगळ!

"इथे लावा मशीन."

"तिथे ट्रकचं ऑइल सांडलं होतं, साहेब," बाई म्हणाली. "आम्ही धुतलं, पण डाग राहिला."

"सबब तयारच आहे."

मशीन घरघरलं. दंडगोल वर आला. नऊ सेंटिमीटर.

"साहेब," मशीनवाला कपाळ पुसत म्हणाला, "अशीच भोकं पाडत राहिलो तर रस्त्याची चाळणी होईल. मग नापास करायला पट्टीही लागायची नाही."

बाईला हसू फुटलं. कानस हसला नाही.

सातवा नमुना त्याने अगदी कडेचा घेतला. कडेला सगळेच हात आखडतात. हिने आखडला नव्हता.

आठव्यासाठी तो हातात हातोडी घेऊन वीस मिनिटं चालला. ठोकायचा, कान लावायचा, पुढे जायचा. दवाखान्याच्या फाटकासमोर आवाज जरासा पोकळ वाटला. त्याचे डोळे चमकले. त्याने स्वतः मशीनचा दांडा धरला. दंडगोल हातात आला तेव्हा मोजायच्या आधीच त्याला कळलं होतं, तरी त्याने पट्टी लावली. दोनदा लावली.

आठही नमुने पेटीत गेले.

"भोकं अहवाल येईपर्यंत उघडीच ठेवू का?" बाईने विचारलं. "भोवती दगड लावते. पुन्हा मोजायचं झालं तर?"

"आणि कुणाचं चाक अडकलं म्हणजे? आत्ताच्या आत्ता बुजवा."

"बरं. आणि नमुन्यांवर लावायच्या चिठ्ठ्यांवर माझी सही?"

"चिठ्ठ्या ऑफिसात लागतात."

तिने मान डोलावली. मुकादमाला हाक मारून गरम डांबर मागवलं. मग जरा घुटमळली.

"साहेब, राग मानू नका, पण तुम्ही आलात ते बरं झालं. दुसरा कुणी असता तर झाडाखाली बसून काहीही लिहून गेला असता. तुम्ही निदान उन्हात फिरलात."

कानसने पेटी उचलून गाडीत ठेवली. वळण ओलांडल्यावर, रस्त्यावरची माणसं दिसेनाशी झाल्यावर, त्याने गाडी कडेला घेतली आणि फोन लावला.

"सर, आठही चोख आहेत."

"मग सोमवारी निविदा उघडल्यावर भाच्याला काय तोंड दाखवू?" साहेब म्हणाले.

"एखादा तरी खरा दोष सापडेल असं वाटलं होतं, सर," कानस म्हणाला. "आता सकाळी तुम्ही दिलेला सहा सेंटिमीटरचा तुकडाच आठवा म्हणून लावतो."